दोन मिनिटं आईबद्दल

कडूबाईंनी मोबाईलवरचं घड्याळ सुरू केलं आणि चेहरा शक्य तेवढा कडक केला.

"हं. बोल."

समोर खाटेवर बसलेली धनश्री इंग्रजीत बोलू लागली. माझी आई मी लहान असताना वारली. मला तिचा चेहराही आठवत नाही. तिची एकच वस्तू आमच्या घरात उरली आहे. माझ्या गोधडीच्या मधोमध एक हिरवा तुकडा आहे, तो तिच्या लुगड्याचा. थंडीत मी तोच तुकडा गळ्याशी ओढून घेते.

दोन मिनिटं झाली. मोबाईल वाजला.

"लई भारी," कडूबाई म्हणाल्या. "सारखं मदर मदर म्हनत हुतीस. माझ्याबद्दलच ना?"

"हो, आई."

"चांगलंच सांगतीस ना?"

"चांगलंच," धनश्री म्हणाली आणि गोधडीची घडी घालू लागली.

मागच्या खेपेला इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण, तिन्हींत तिला हवे तेवढे गुण मिळाले होते. बोलण्यात अर्धा गुण कमी पडला. रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडचा प्रवेश त्या अर्ध्या गुणावर अडकला होता, आणि आता ही शेवटची संधी होती.

श्रीरामपूरच्या क्लासमधले हारिस सर म्हणाले होते, "तुझं व्याकरण बरोबर, शब्द बरोबर. पण आईबद्दल बोलतेस तेव्हा प्रयोगाचं निरीक्षण वाचून दाखवतेयस असं वाटतं. आई पहाटे उठते, डबा करते, कष्ट करते. अगं, आवाज कुठेतरी हलू दे की!"

एसटीने कोल्हारला परतताना तिने त्यावर विचार केला. आवाज कशाने हलतो? घरातली एकेक गोष्ट तिने मनात तपासून पाहिली आणि गोधडीपाशी थांबली.

गोधडी कडूबाईंनीच शिवलेली. विरलेले तुकडे उसवून त्या नवे लावत. तात्यांचं, म्हणजे धनश्रीच्या वडिलांचं, धोतर गेलं. तिथे तिचा शाळेचा फ्रॉक आला. मधला हिरवा तुकडा मात्र टाक्यांवर टाके घालून तसाच ठेवलेला. कडूबाई स्वतः हिरवं कधी नेसत नसत. "मला लाभत न्हाई," म्हणत. मग तो तुकडा कुणाचा, हा प्रश्न मोकळाच होता. धनश्रीने त्याला एक मालकीण देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये बोलताना तिचा आवाज खरंच हलला. हारिस सरांनी चष्मा काढला.

"मला माहीत नव्हतं, बेटा. सॉरी."

त्या आठवड्यात त्यांनी तिला खजुराची पुडी आणून दिली. ती तिने घरी नेली. "सर लई मायाळू दिसत्यात," म्हणत कडूबाईंनी खजूर खाल्ले. धनश्रीने एकही घेतला नाही.

उत्तर बदलावं असं तिला रोज वाटायचं. पण दुसरं कुठलंही उत्तर बोलताना आवाज पुन्हा सपाट व्हायचा. मग संध्याकाळी कडूबाई हात पुसून खुर्चीत येऊन बसायच्या आणि ती त्यांच्या डोळ्यांत बघून उत्तरात त्यांना मारून टाकायची.

परीक्षेत बालपणावरही प्रश्न येतात, म्हणून तिने एकदा विचारलं, "आई, मी लहान असताना कशी होते?"

"चालायला लागलीस तशी घरात एक भांडं जाग्यावर ऱ्हाऊ दिलं न्हाईस."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काय! पोरं असत्यात तशी." कडूबाईंनी घड्याळ सुरू केलं. "परीक्षा घेनारी मी हाय का तू? बोल लवकर, मला दूध तापवायचंय."

परीक्षा पुण्यात होती. घरात जपून ठेवलेल्या एखाद्या जुन्या वस्तूबद्दल बोला, असं कार्डावर लिहिलं होतं. धनश्री बोलली. परीक्षक बाईंनी तिला मध्ये थांबवलं नाही.

फाटकाबाहेर कडूबाई पिशवीत दशम्या घेऊन उभ्या होत्या.

"झालं का नीट? माझं सांगितलंस ना?"

"सांगितलं," धनश्री म्हणाली. हातातली दशमी तिने तशीच पिशवीत परत ठेवली.

निकाल लागला. हवा होता त्याहून अर्धा गुण जास्तच मिळाला. तात्या सायकल काढून पेढे आणायला गेले. कडूबाई डाळ निवडायला बसल्या.

"रविवारी सरांना जेवायला बोलव. पुरनपोळी करते. त्यांच्यामुळं झालं."

"नको, आई."

"का गं? ते मुसलमान म्हनून व्हय? आपल्या घरात कवा असलं हुतं का?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"त्यांना वाटतं, तू नाहीस."

"न्हाई म्हंजी? कुठं गेले मी?" कडूबाई हसल्या.

धनश्री हसली नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी रोज तुझ्यासमोर बसून खोटं बोलत होते, आई. माझी आई मी लहान असताना वारली, असं सांगत होते. गोधडीतला हिरवा तुकडा तिच्या लुगड्याचा आहे म्हणून. सगळं मनाने रचलेलं. गुणांसाठी. आता मला मार, शिव्या दे."

सुपातला हात कधीच थांबला होता. कडूबाई उठल्या. तात्या येत नाहीत ना, ते त्यांनी रस्त्यावर वाकून पाहिलं, दार ओढून कडी लावली, आणि तिच्याकडे न बघता हळू आवाजात विचारलं,

"लुगड्याचं तुला कोनी सांगितलं?"