अत्यंत समाधानी

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका इस्पितळाच्या ग्रंथालयाचा गाडा हिराओकाबाई एकट्याच ओढत होत्या. जोडीची बाई निवृत्त झाली, तेव्हापासून डॉक्टरांनी मागितलेला शोधनिबंध हाती पडायला आठवडा लागे आणि बाईंचा भाताचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच राही. मदतीला माणूस मिळावं म्हणून त्यांनी वाचकांची पाहणी घेतली. "जे खुपतं ते लिहा हो," असं ज्याला त्याला विनवलं.

फॉर्म परत आले. झाडून सगळ्यांनी खूण केली होती, 'अत्यंत समाधानी.'

"अहो कुवाबारा डॉक्टर, कालच तर उशीर झाला म्हणून कुरकुरत होतात ना?" बाई वैतागल्या.

"बाई, तुम्ही समोर मरमर राबताना दिसता. तक्रार लिहायला हात धजावेना."

"भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं! खरं बोलायला काय होतं हो माणसांना?"

दुपारी संचालकांनी बाईंना बोलावलं. फॉर्मचा गठ्ठा बाजूला सारत ते म्हणाले, "हे लोक भिडेपोटी गोडच लिहिणार, ठाऊक आहे मला. तुम्हीच सांगा. एकटीला जड जात असेल ना? देऊ का एखादं माणूस?"



हिराओकाबाई कमरेत वाकल्या आणि हसून म्हणाल्या, "छे छे, कशाला उगीच! चाललंय की माझं छान."