कोरे पान

सुज्ञ वाचकहो, एका पित्याच्या हातून सद्हेतूने घडलेल्या प्रमादाची हकीकत येथे नम्रपणे सादर करीत आहे.

सन १९६२. बार्शीटाकळीच्या डोमाजीचा मुलगा मोतीराम चोविसाव्या वर्षी वनखात्याच्या नोकरीसाठी निवडला गेला. वयाची मर्यादा पंचवीस होती आणि आता केवळ शाळेतील जन्मतारखेचा दाखला हवा होता. परंतु वामनराव गुरुजींनी जुने दाखल-रजिस्टर उघडले, तो मोतीराम शाळेत दाखल झाला त्या सालचे पान साफ कोरे! शाई पार उडून गेली होती.

"डोमाजी, पान कोरं असल्याचं मी लिहून देतो. मग तुझ्याच सांगण्यावर वय धरतील, बाबा," गुरुजी म्हणाले.

"आमच्या सांगन्याले कोन पुसते, गुरुजी? साहेबाले लिहेलच पायजे."

हिरड्याच्या काढ्याने उडालेली शाई पुन्हा काळी होते, असे गुरुजींनी सांगताच मजुरी बुडवून डोमाजीने हिरडे आणले, कुटले, उकळले. गुरुजींनी तो काढा कापसाच्या बोळ्याने पानावर हलकेच फिरविला. दोन दिवसांच्या खटपटीनंतर पुसट अक्षरे काळीभोर होऊन वर आली. डोमाजीने हात जोडले.

गुरुजींनी हर्षाने वाचावयास आरंभ केला, "मोतीराम डोमाजी, जन्म एकोणीसशे छत्तीस..." आणि ते थबकले. "अरे, हा तर सव्वीस वर्षांचा निघाला!"

डोमाजी त्या पानाकडे पाहत म्हणाला,

"थो तवा चारच वर्साचा होता, गुरुजी. तुमी शाळेत घेत नव्हते, म्हून सा वर्साचा मीच सांगतला."

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.
धर्मपाल तायडे, अकोला