उधाणाची पाळी

मुलांनो, कल्पना करा की खाडीतला गाळ शिट्टी ऐकतो. कणाकणाला तसं शिकवलेलं आहे. ज्या काठावरून यंत्राची शिट्टी वाजेल, त्या काठाला तो भरतीबरोबर जाऊन बसतो.

अशा एका खाडीवर शालन आणि मनवा यांची घरं समोरासमोर होती. शिट्टी वाजवायच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. पुनवेचं आणि अवसेचं, दोन्ही उधाणं मनवाच्या घराला गेली. शालनकडे आला भांग, म्हणजे अष्टमीचं सुस्त पाणी. त्यातून गाळ येणार तो किती? तिकडे मनवाचं अंगण वाढत गेलं आणि इकडे शालनच्या घरापुढचा बांध खचत गेला.

"काय गं, टोपलीभर चिखल पाठवू का?" मनवा पलीकडून ओरडायची. शालनचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका पुनवेला भर दुपारी, पाणी चढत असताना, शालनने पाळी नसताना शिट्टी वाजवली. मनवाच्या काठाला बसलेला ताजा गाळही उठून शालनकडे वळला. नव्या अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या मनवाच्या पायाखालची जमीन सुटली आणि ती गळ्याइतक्या पाण्यात गेली.

शालनने शिट्टी टाकली, होडी हाकली आणि मनवाला वर ओढलं.

"चोरटी!" मनवा होडीत पडल्या पडल्या म्हणाली.

"आहेच. पण दोन्ही उधाणं एकटीने गिळतेस, तुला काय म्हणायचं? बोल, पुनव ठेवतेस की अवस?"

 मग शालनने भर खाडीत वल्हं आत घेतलं आणि त्यावर पाय ठेवून ती उत्तराची वाट बघत बसली.