पडायची जागा

ओढ्यावरचा सुपारीच्या दोन खोडांचा साकव ओलांडत केशरआजी घराकडं परत येत होती. अलीकडच्या काठावर तिचा लेक गुरुदास वाट अडवून उभा होता.

“आये, ह्या वयात साकवावर जाऊ नगं म्हटलं हुतं न्हवं? पडलीस म्हंजे?”

“पडू नये म्हणूनच रोज गोठ्याचा खांब धरून एका पायावर उभी ऱ्हाते. तुमी हसताय त्ये.” आजीची नजर खोडावरच होती.

“मावशीचं काय झालं? मांडीचं हाड मोडून पडलीया. तिला बघून तरी शानी हो!”

“तिलाच बघून आले.” आजी काठाला लागली. त्यानं पुढं केलेला हात तिनं धरला नाही. “ती काय साकवावर पडली न्हाई. पडशील, पडशील म्हणून तिच्या पोरानं तिला वरीसभर हलू दिलं न्हाई. सगळं जागेवर. पायातलं बळच गेलं. काल तू पडवीत माझ्यासाठी खाट टाकलीस न्हवं? तसल्याच खाटेवरनं उतरताना पडली ती. सर बाजूला.”