बिनचेहऱ्यांची मिरवणूक

"आंधळा होता का हा मेला?" म्हणत तिने हातातली पक्कड टेबलावर आपटली.

समोर चित्र आडवं पडलं होतं. राज्य साहेबाचं होतं तेव्हा कुणी गोरा चित्रकार इथे आला, भर रस्त्यात देवाची मिरवणूक पाहिली आणि रंगवून मोकळा झाला. गच्चीतल्या मडमेच्या गालावरची लाली आजही दिसत होती. तिच्या कुत्र्यालासुद्धा डोळे होते. आणि खाली पालखीभोवती दाटलेली एवढी माणसं? एकालाही नाक नाही की डोळे नाहीत. नुसते तपकिरी ठिपके.

संग्रहालयातली जुनी चित्रं दुरुस्त करणं हे तिचं रोजचं काम. पण या चित्राने तिचं डोकं फिरवलं होतं. त्याच्या शेजारी लावायच्या पाटीचा मजकूर तिने भांडून स्वतःकडे घेतला आणि साहेबाची सालटी काढली. याला आमचा देव दिसला, आमची माणसं दिसली नाहीत, असं तिने लिहिलं होतं. पाटी तयार होऊन आली होती. उद्या ती भिंतीवर लागणार होती.

चौकट खिळखिळी झाली होती. शिव्या घालतच तिने खिळे उपसले, चौकट बाजूला केली आणि तिथेच थबकली. इतकी वर्षं चौकटीने झाकलेली बोटभर पट्टी उघडी पडली होती. तिथे एक बाई होती. म्हणजे बाईचा अर्धा चेहरा. कपाळावर घाम, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. सावळा रंग इतका पातळ, की फुंकर मारली तर उडेल. चौकटीची रेघ जिथे संपत होती, नेमका तिथेच चेहराही संपत होता. पुढे पुन्हा ठिपका.

या एकटीवरच साहेबाची मेहेरबानी का, ते तिला कळेना.

तेवढ्यात तिचा विसरलेला चष्मा घेऊन बाबा आले. याच खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. चित्र स्वच्छ करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. चित्र पाहून त्यांची कळी खुलली.

"अगं, हे तर माझ्या हातचं. आलं तेव्हा कोळशासारखं काळं होतं. चौकट न काढताच घासून घासून उजळवलं. मडमेचे गाल बघ कसे निघालेत."

मडमेचा पांढरा रंग जाड थापलेला होता. त्याला काय होणार होतं? तिने पट्टीतल्या त्या पातळ, अर्ध्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि साहेबासाठी साठवलेला सगळा संताप बाबांकडे वळला.

"आणि खालची माणसं, बाबा? त्यांचे चेहरे कुठे गेले?"

बाबांनी वाकून निरखून पाहिलं. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं.

"चेहरे? खाली कुठले चेहरे, पोरी? तिथे तर नुसता मळ होता."