डोळे राखाडीच

"हंगेरीवाल्यांना बोकड घालायचाय," गास्पारने अर्ज पुढे सरकवला. "दुसऱ्या कडव्यात."

"घालू दे." युगेतबाईंनी पेन उघडलं. "डोळे?"

"राखाडी."

"मग बोकड काय, अख्खा गोठा घाला म्हणावं." त्यांनी सही ठोकली.

गास्पार दर गुरुवारी प्रकाशकाच्या कचेरीतून निघून बेलव्हील वस्तीतले हे चार जिने चढायचा. यवोंचं 'दिवा विझवू नकोस' हे गाणं दुसऱ्या भाषेत न्यायचं तर यवोंची सही लागायची. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून त्याच्या बायकोची, युगेतबाईंची. प्रत्येक अर्जासोबत त्या भाषेतून पुन्हा फ्रेंचमध्ये केलेलं शब्दशः भाषांतर जोडावं लागे. आपल्या प्रेमाचं परदेशात काय झालं, हे कवीला कळायला हवं.

बरंच काही झालं होतं. फिनलंडमध्ये समुद्राचं तळं झालं. ब्राझीलमध्ये विरहाला बारा ढोल लागले. जपानमध्ये त्याची अंगाई झाली. जर्मनीत चार केसाळ पोरांनी ते इतक्या जोरात गायलं, की गाण्यातली बाई घर सोडून का गेली ते लोकांना प्रथमच पटलं. यवोंने सगळ्यांना सही दिली. अट एकच, डोळे राखाडीच राहिले पाहिजेत. एका इटालियन गायकाने यमकासाठी ते तपकिरी केले, तर यवोंने ती रेकॉर्ड निघूच दिली नाही.

युगेतबाईंचे डोळे तपकिरी होते.

"मी विचारलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, फ्रेंचमध्ये यमक जुळत नव्हतं."

"आणि इटालियनमध्ये तर तपकिरीनेच जुळत होतं ना, मादाम?"

"तुला कॉफी हवीय की नकोय?"

गास्पारला कॉफी हवी होती. त्याने कप पुढे केला.

आज बाईंचे डोळे मात्र खरंच राखाडी दिसत होते, आणि त्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"लेन्स आहेत," त्या म्हणाल्या. "शनिवारसाठी. आत्तापासून सवय करतेय."

शनिवारी नगरपालिका खाली दारावर पाटी लावणार होती. 'हे गाणं जिच्यासाठी लिहिलं गेलं, ती या घरात राहते.' महापौर येणार होते, शाळेतली पोरं गाणार होती. बाईंनी नवा कोट घेतला होता.

"ऐंशीव्या वर्षी लेन्स?"

"अरे, साठ वर्षं लोक माझ्या डोळ्यांत बघतात आणि त्यांचं तोंड पडतं. एक दिवस तरी नको." त्यांनी रुमालाने गाल टिपले. "मार्च त्रेसष्ट. रेस्तराँमध्ये हा पियानो वाजवत होता, मी ताटं उचलत होते. माझ्याकडे बघितलं आणि बसल्या जागी तासाभरात लिहून काढलं. एकही खाडाखोड नाही! दाखवू कागद?"

"बघितलाय, मादाम. अकरा वेळा."

"बाराव्यांदा बघ. मनावर घ्यायला हवं तुझ्यासारख्यांनी. नाहीतर हल्लीचं तुमचं प्रेम! फोनवर अंगठा दाखवायचा की झालं."

गास्पारने कागद बाराव्यांदा बघितला. मग बॅगेतून एक जुनाट पाकीट काढलं आणि हातातच धरून ठेवलं.

"हे ब्रेतोंमधलं आहे."

"ब्रेतों!" बाई खूश झाल्या. ती पश्चिम किनाऱ्यावरची, यवोंच्या आईची भाषा. त्यांनी लेन्स काढून डबीत ठेवल्या, चष्मा लावला आणि भाषांतर वाचू लागल्या. दिवा होता, खिडकी होती, समुद्र जागच्या जागी होता. बोकड नव्हता. डोळे राखाडी होते.

"बघ, याला म्हणतात काम! एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुठे करू सही?"

"सही नको आहे त्यांना. तारीख बघा, मादाम."

बाईंनी बघितली. एकोणीसशे एकसष्ट.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"कोण ती?" त्यांनी विचारलं. "राखाडी डोळ्यांची?"

"दीपगृहाच्या रखवालदाराची बायको."

"आणि यवों तिकडे नौदलात होता. बरोबर. म्हणजे हे दोघं..."

"नाही, नाही! साहेबांनी तिला कधी बघितलंसुद्धा नव्हतं. गाणं रखवालदाराने लिहिलं, स्वतःच्या बायकोवर. गोलवेन त्याचं नाव. तुमच्या साहेबांनी ते फ्रेंचमध्ये आणलं, इतकंच. रखवालदाराच्या नातीने पाठवलंय. तिचं म्हणणं, पाटीवर आजोबांचंही नाव घाला."

युगेतबाईंनी चष्मा काढला. मग हसायला लागल्या. टेबलावर हात आपटून, खोकला येईपर्यंत हसल्या.

"चोर मेला! गाणं चोरलं! मी आपली समजत होते, कोणी बाई आहे. साठ वर्षं, गास्पार! प्रत्येक राखाडी डोळ्यांच्या बाईला मी घाबरून असायचे. आमच्या बेकरीवालीला तर आजवर नमस्कार नाही केला बिचारीला!" त्यांनी कपाटातून दोन ग्लास काढले. "गाणं कोणाचंही असेना. माझ्याकडे बघून त्याला ते आठवलं, हेच खूप झालं. हो की नाही?"

गास्पारने ग्लासला हात लावला नाही.

"पाकिटात अजून काय आहे?"

"काही नाही, मादाम. राहू दे."

"दे इकडे."

ऑक्टोबर बासष्टचं पत्र होतं. अक्षर यवोंचं. बाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, पण आवाज मध्येच थांबला आणि पुढचं त्यांनी मनातच वाचलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेन्स डबीत होत्या.

'प्रिय गोलवेन, परवानगीबद्दल आभार. तुझी अट मान्य. मी जिवंत असेपर्यंत तुझ्या बायकोचे डोळे कोणी बदलणार नाही. इथे सगळे विचारतील, गाणं कोणासाठी लिहिलं? सध्या कोणी नाही. कोरा कागद खिशात ठेवलाय. जी कोणी भेटेल, तिच्यासमोर बसून लिहून काढीन.'