रस्ता संपल्यावर

जन्मभर रस्ते बांधलेल्या तिच्या नवऱ्याला आता रस्ता संपल्यावरही पुढे जाणारं घर हवं होतं. मोटारीमागे जोडायचं, चाकांवरचं. घ्यावं की नको हे ठरवायला त्यांनी कागदावर मधोमध रेघ ओढली. फ्रिज घेताना, दुसऱ्या मुलाचा विचार करताना, दर वेळी त्यांनी असाच कागद केला होता. फायद्यांखाली भराभर लिहून झालं: पलंग, शेगडी, खिडकीत जंगल.

"तोटे तू सांग. त्यात तुझा हात कोण धरणार!"

"चिखलात रुतलं तर ढकलणार कोण? दोन पायऱ्या चढलात की धाप लागते तुम्हाला."

त्यांनी हसत लिहिलं.

"फोन लागणार नाही."

तेही लिहिलं.

"आणि अहो, मागच्या महिन्यासारखं पुन्हा झालं, तर तिथे ॲम्ब्युलन्स पोचायची नाही."

त्यांचं पेन थांबलं. तेव्हा हॉस्पिटलात अकरा दिवस त्यांच्या घशात नळी होती. ती ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधले होते. मनगटांवरचे वळ अजून पुरते गेले नव्हते.

"हा तोटा नाही गं," ते हळूच म्हणाले आणि तिचं वाक्य त्यांनी फायद्यांखाली लिहिलं.